हातचं अंगाशी येतं तेव्हा

गेल्या दिवाळीत एका प्रदर्शनातून मेणबत्ती आणली. कटिंग चहाचा ग्लास, त्यात सायीसारखं दिसणारं सोया मेण, वर वाळवलेल्या गुलाबाच्या पाकळ्या आणि दालचिनीची एक कांडी. टपरीची गंमत आणि दिवाळीचा वास एकाच वस्तूत, किंमत अडीचशे. दुसऱ्या संध्याकाळी तासाभराने ती कांडी कलंडून ज्योतीत गेली आणि ग्लासच्या कडेला टेकून पेटली. ज्योत वीतभर उंच झाली, 'टक्' असा आवाज आला, ग्लास एका बाजूने उभा तडकला आणि वितळलेलं मेण जळत्या पाकळ्यांसकट टेबलावर पसरलं. आजीने क्रोशाने विणलेलं टेबलक्लॉथ गेलं. पडदे वाचले, कारण मी त्याच खोलीत फराळाचे डबे भरत बसले होते. पिशवीवर विकणाऱ्या बाईंचा नंबर होता. फोन केला. त्या मनापासून हळहळल्या, दुसरी मेणबत्ती फुकट देते म्हणाल्या, आणि मग म्हणाल्या, "ताई, हाताने केलेलं आहे हो, थोडं इकडचं तिकडे होणारच."

हे मी सोसायटीतल्या बायकांच्या ग्रुपवर लिहिलं आणि दोन तट पडले. एकीचं म्हणणं, घरबसल्या चार पैसे मिळवणाऱ्या बाईच्या मागे कायद्याचा ससेमिरा लावू नका, मोठ्या कंपन्या काय काय खपवतात ते आधी बघा. दुसरीचं म्हणणं, लायसन नाही, तपासणी नाही, बिल नाही, असल्या वस्तू विकायला बंदीच घाला. दिवसभर जुंपली होती. दोन्ही बाजू तावातावाने एकाच चुकीच्या गोष्टीवर भांडत होत्या, ती म्हणजे परवाना. परवाना विकण्याआधी घ्यायचा असतो, सरकारकडून. जबाबदारी विकल्यानंतर सुरू होते आणि ती ग्राहकाशी असते. माझं मत असं की छोट्या कारागिराला पहिल्यात हवी तेवढी सूट द्यावी, दुसऱ्यात एक रुपयाचीही देऊ नये. आणि सूट देताना वस्तू हाताने केली की यंत्राने हे न बघता, ती बिघडली तर काय होईल हे बघावं. तिरकं बसलेलं भरतकाम आणि पेटलेली दालचिनी, दोन्हींना 'हातचं' म्हणून एकच माफी कशी चालेल?

आधी कायदा काय आहे ते पाहू, कारण त्या दिवशी ग्रुपवर कुणीच ते पाहिलं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'उत्पादन दायित्व' नावाचं स्वतंत्र प्रकरण आहे, कलम ८२ ते ८७. ते जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात उत्पादक म्हणजे वस्तू बनवणारी कोणतीही व्यक्ती. कारखाना किती मोठा, कामगार किती, उलाढाल किती, हे प्रश्न तिथे नाहीतच. स्वयंपाकघराच्या ओट्यावर मेण वितळवणारी बाईही उत्पादक. वस्तू करताना दोष राहिला, तिची रचनाच सदोष असली, किंवा वापरायची नीट सूचना आणि धोक्याचा इशारा दिला नाही, आणि त्यातून कुणाला इजा झाली, आजार झाला, मालमत्तेचं नुकसान झालं, तर भरपाई मागता येते. ८४ व्या कलमाचा दुसरा भाग तर प्रत्येक घरगुती उद्योजिकेने ओट्यासमोर चिकटवून ठेवावा. वस्तूबद्दल स्पष्ट हमी दिली असेल, तर ती देताना आपण हलगर्जीपणा केला नाही किंवा फसवलं नाही हे सिद्ध करूनही सुटका होत नाही. आता आपले व्हॉट्सअॅपवरचे मेसेज आठवा. 'शंभर टक्के नैसर्गिक', 'केमिकल-फ्री', 'बाळासाठी पूर्ण सुरक्षित'. आपल्याला ही जाहिरात वाटते, कायद्याला ती हमी वाटू शकते. आणि तक्रार कुठे करायची? ग्राहक राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात. पुण्यातली बाई नागपूरला साबण पाठवत असेल, तर नोटीस नागपूरहून येईल. अडीचशे रुपयांच्या वस्तूसाठी तक्रारदाराला शुल्कही नाही. सगळ्यात बारीक अक्षरात 'वापर स्वतःच्या जबाबदारीवर' असं छापलं की आपण मोकळ्या, ही समजूत तर सोडूनच द्यावी.

मी हे पलीकडच्या काठावरून बोलत नाही. गेली काही वर्षं मी कापडी बाहुल्या करून विकते. सुरुवातीला डोळ्यांना काळी चकचकीत बटणं लावायचे, दुहेरी दोऱ्याने, तीन-तीनदा गाठ मारून. एका मैत्रिणीच्या नातवाने बाहुलीचं डोकं चघळून चघळून एक डोळा सुटा केला आणि गालात धरून ठेवला. तिने बोट घालून काढला म्हणून भागलं. मी दोरा पक्का वापरला होता, पण सारखं चघळलं की गाठ तशीच राहून कापडच फाटतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी हलगर्जी नव्हते, अज्ञानी होते. त्या पोराच्या घशाला या फरकाने काय फरक पडला असता?

आता समोरच्या बाजूचे मुद्दे, कारण ते पोकळ नाहीत. परवान्यांचे नियम कारखाना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहेत, ही तक्रार खरीच आहे. विक्रीसाठी साबण किंवा लिपबाम बनवायचा तर १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली उत्पादन परवाना लागतो, आणि त्यासाठीच्या जागेच्या, साधनांच्या, जाणकार माणसाच्या अटी दोन खोल्यांच्या घरात पुऱ्या होणं कठीण. परिणाम काय होतो? साबण करणाऱ्या बायका साबण करायच्या थांबत नाहीत, त्या फक्त लपतात. वेष्टनावर पत्ता नसतो, तारीख नसते, घटक नसतात. म्हणजे अशक्य परवान्यामुळे शेवटी बुडते ती जबाबदारीच. खाद्यपदार्थांच्या बाबतीत २००६ च्या कायद्याने थोडं शहाणपण दाखवलं आहे. स्वतः पदार्थ करून विकणाऱ्या छोट्या माणसाला परवान्याऐवजी साधी नोंदणी पुरते. पण बघा, त्याच कायद्याच्या ६५ व्या कलमात असुरक्षित अन्नाने कुणी दगावलं तर किमान पाच लाखांची भरपाई सांगितली आहे, आणि तिथे लोणचं घरच्या बरणीतलं की कारखान्यातलं असा भेद नाही. कागद हलका केला, जबाबदारी तशीच ठेवली. मला हवं ते हेच.

मोठ्यांच्या पापाची शिक्षा लहानांना होते, हा दुसरा मुद्दा, आणि त्याचा अमेरिकेइतका चांगला दाखला दुसरा नसेल. २००७ मध्ये मॅटेल या खेळण्यांच्या बड्या कंपनीला चीनमध्ये बनवून घेतलेली लाखो खेळणी बाजारातून परत मागवावी लागली, काहींच्या रंगात शिसं होतं म्हणून. २००८ मध्ये तिथे लहान मुलांच्या वस्तूंसाठी कडक कायदा झाला आणि त्रयस्थ प्रयोगशाळेची चाचणी बंधनकारक झाली. कंपन्यांना तो खर्च लाखो नगांवर वाटून टाकता आला. घराच्या गॅरेजमध्ये वर्षाला दोनशे लाकडी बदकं करणाऱ्याने कशावर वाटायचा? गोंधळ झाला, कारागीर एकत्र आले, आणि २०११ मध्ये कायदा सुधारावा लागला. इथपर्यंतची गोष्ट सूट मागणारे आनंदाने सांगतात. पुढची सांगत नाहीत. वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत उलाढाल आणि एका वस्तूचे साडेसात हजारांपर्यंत नग असणाऱ्यांना काही चाचण्यांतून सूट मिळाली, पण रंगातलं शिसं, सुटे होऊ शकणारे बारीक भाग, पाळणे आणि चोखण्या यांच्या चाचण्यांतून छोट्यातल्या छोट्यालाही मिळाली नाही. आणि जिथे मिळाली तिथेही मर्यादा पाळायच्याच होत्या, फक्त प्रयोगशाळेचा कागद आणायचा नव्हता. कारागीर दुखावला गेला होता हे मान्य करून, तरी बाळाच्या तोंडात काय जातं यावर तडजोड केली नाही.

आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं, चिन्ह सक्तीचं झालं. भौगोलिक मानांकन असलेली खेळणी आणि केंद्राच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदलेले कारागीर यांना त्यातून वगळलं. ही सूट मला मनापासून पटते. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी करणाऱ्या माणसाला प्रयोगशाळेच्या खेपा घालायला लावणं म्हणजे ती आळी बंद पाडणं. पण सूट कुणी बनवलं यावर दिली, काय बनवलं यावर नाही. लाकडाचं अख्खं केळं आणि भातुकलीतला वाटाण्याएवढा चमचा दोन्ही एकाच सुटीत बसतात. मोठं केळं तीन वर्षांखालच्या पोराच्या हातात देताना रंग बघावा लागतो, चमचा देताना श्वासनलिका. बारीक भाग तपासायचं उपकरण म्हणजे तरी काय, ३१.७ मिलिमीटर व्यासाचं, तिरक्या बुडाचं एक नळकांडं. जी वस्तू न दाबता त्यात पूर्ण मावते ती तीन वर्षांखालच्या मुलाला देऊ नये. माझ्या शिवणाच्या डब्यात आता तसलं एक नळकांडं आहे. बटण त्यात पडल्यावर खडखडतं, तो आवाज ऐकला की बटण लावायची इच्छा राहत नाही. मानांकनाच्या चिन्हाइतकाच त्याचा उपयोग, आणि कुणाची परवानगी लागत नाही.

तिसरा मुद्दा सगळ्यात लोकप्रिय: घ्यायचं ते बघून घ्यावं, हातची वस्तू आहे हे ग्राहकाला ठाऊकच असतं. ठाऊक काय असतं? आकार थोडा कमीजास्त, रंग थोडा उतरलेला, एवढं ठाऊक असतं. ग्लासची काच ज्योतीपाशी तडकेल हे मला कसं ठाऊक असणार? ते कळायला दहा मेणबत्त्या जाळून पाहाव्या लागतात आणि त्या जाळायची संधी करणारीला असते, घेणारीला नाही. उघड धोक्याबद्दल इशारा दिला नाही म्हणून ८७ वं कलमही उत्पादकाला धरत नाही. सुरीला धार असते हे सांगावं लागत नाही. पण सगळा प्रश्न लपलेल्या धोक्याचा आहे, आणि तो प्रश्न आपल्याकडे नवा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कंटकशोधन नावाचं अधिकरण, म्हणजे एक भाग, आहे आणि त्याची सुरुवातच कारागिरांपासून प्रजेच्या रक्षणाने होते. विणकर, परीट, सोनार असे एकेक घेतलेले आहेत. त्यातच वैद्यही येतो. जिवाला धोका आहे हे न सांगता उपचार सुरू केले आणि रोगी दगावला, तर वैद्याला दंड. उपचारच चुकला तर त्याहून मोठा दंड. न सांगणं हा चुकण्यापेक्षा वेगळा गुन्हा आहे, हे दोन हजार वर्षांपूर्वी कुणालातरी सुचलं होतं. आपण मेणबत्तीखाली एक चिठ्ठी चिकटवायला कुरकुरतो.

उत्पादकाच्या जबाबदारीचा कायदा बड्या कारखानदारांसाठी जन्मला, हाही गैरसमजच. १९२८ मध्ये स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावात मे डोनह्यू नावाच्या बाईला मैत्रिणीने जिंजर बिअर घेऊन दिली. बाटली काळपट काचेची, आतलं दिसत नव्हतं. अर्धी पिऊन झाल्यावर उरलेली ओतली, तर त्यातून कुजलेली गोगलगाय बाहेर आली, असा तिचा दावा. पैसे मैत्रिणीने दिलेले, म्हणजे विकणाऱ्याशी तिचा करार नाही. तरी १९३२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, निकाल दिला की आपल्या हातून होणाऱ्या चुकीचा फटका ज्याला बसेल, तो आपला शेजारी आणि त्याची काळजी घेणं आपलं कर्तव्य. हा खटला जगभर शिकवला जातो. (गोगलगाय खरोखर होती का, हे मात्र कोर्टात शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही, कारण तिथवर प्रकरण गेलंच नाही.) आणि प्रतिवादी कोण होता? त्याच गावातल्या गल्लीत सोडा-सरबतं भरणारा डेव्हिड स्टीव्हन्सन. आपल्याकडचा गोटी सोडावालाच म्हणा ना.

त्याच्याही सत्तर वर्षं आधी, १८५८ मध्ये, इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या बाजारात एका ठेल्यावर पेपरमिंटच्या गोळ्या विकल्या गेल्या. गोळ्या करणाऱ्याने साखरेत स्वस्त पांढरी भुकटी मिसळायचा बेत केला होता, तेव्हा सर्रास चालायचं ते. औषधवाल्याच्या नोकराने चुकून दुसऱ्या पिंपातून भुकटी दिली. ती सोमल होती, म्हणजे आर्सेनिकचं विष. वीसएक माणसं मेली, दोनशेवर आजारी पडली. गोळ्या हाताने केलेल्या, माणसं साधी, हेतू कुणाचाच वाईट नाही. खटले भरले आणि एकालाही शिक्षा झाली नाही, कारण प्रत्येकाकडे बोट दाखवायला पुढचा माणूस होता. हे वाचताना मला 'इकडचं तिकडे होणारच' आठवतं. पिंपंच इकडची तिकडे झाली होती.

इतकं लांब कशाला, २०२५ च्या दिवाळीत भोपाळ आणि आसपासच्या जिल्ह्यांत 'कार्बाइड गन' विकल्या गेल्या. पीव्हीसीचा पाइप, गॅसचं लायटर, कॅल्शियम कार्बाइड. पाणी घातलं की अॅसिटिलीन तयार होतो, लायटर दाबला की धडाका. दीड-दोनशे रुपयांत रस्त्यावर मिळत होत्या, जोडून दिलेल्या. वाजली नाही म्हणून पोरं नळीत डोकावली, आणि तेव्हा ती वाजली. शंभराहून जास्त मुलांच्या डोळ्यांना इजा झाली, काहींची दृष्टी गेली. त्याही हाताने केलेल्याच होत्या आणि करणारे छोटेच होते. माझ्या मेणबत्तीवाल्या बाईंची आणि त्यांची बरोबरी मी करत नाही. 'छोटा आहे, हातचं आहे' हे वाक्य कुठवर ताणता येतं, तेवढंच दाखवते आहे.

आता शेवटचा आक्षेप, जो मला खरोखर झोंबतो. एका निकालाने घर बसेल. कंपनी भरपाई देऊन पुढे जाते, बाईचं मंगळसूत्र विकलं जातं. खरं आहे. पण मग घर कुणाचं बसावं? ज्याचा पडदा पेटला त्याचं? नुकसान झालंच आहे, ते कुणाच्या तरी पदरात पडणारच. जबाबदारी माफ केली की ते आपोआप सगळ्यात बेसावध माणसाच्या पदरात जातं. यातून वाट काढायची तर ओझं वाटून घ्यायला हवं, आणि ते कसं वाटायचं हे मुंबईनेच दाखवलं आहे. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन लिज्जत सुरू केलं. पापड आजही बायका घरीच लाटतात. पण पीठ केंद्रावर मळलेलं असतं आणि लाटलेला पापड केंद्रावर तपासूनच घेतला जातो. हात घरचा आणि जबाबदारी संस्थेची. बचत गटांना हे का जमू नये? पाच गटांनी मिळून एक माणूस नेमावा, जो प्रत्येक खेपेतली एक मेणबत्ती बुडापर्यंत जाळून बघेल, वात पाव इंचावर कापलेली आहे का पाहील, आणि दालचिनीची कांडी वर ठेवणाऱ्याला हाकलून देईल. उत्पादन दायित्वाचा विमा आपल्याकडे मिळतो. एकटीला तो परवडत नाही, पण साठ स्टॉलचं प्रदर्शन भरवणाऱ्याला भाड्यात थोडी रक्कम वाढवून सगळ्यांचा एकत्र काढता येईल.

आयोजक आणि दुकानदार मात्र या वादात सोयीस्कर गप्प असतात. त्यांनी ८६ वं कलम वाचावं. वस्तू कुणी बनवली हेच कळत नसेल, तर विकणाऱ्यालाच धरता येतं. नाव-पत्ता नसलेल्या 'होममेड' मेणबत्त्या कोपऱ्यात मांडून ठेवणाऱ्या बुटिकवाल्यांनी एकदा आपल्या शेल्फकडे नीट बघून घ्यावं.

मेणबत्तीवाल्या बाईंना मी नंतर परत फोन केला. भांडायला नाही, ग्लास का तडकला ते सांगायला. आधी त्या जरा ताठर बोलल्या, मग विचारलं, "मग वर काय ठेवू? साधी मेणबत्ती कुणी घेत नाही हो." या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. बटणाचे डोळे काढले तेव्हा माझ्याही बाहुल्या काही महिने कमी खपल्या होत्या, भरतकामाचे डोळे झोपाळू दिसतात म्हणून.

यंदाच्या प्रदर्शनाचा स्टॉलचा फॉर्म परवा आला. आधार क्रमांक, पॅन, जीएसटी असल्यास तो, रद्द केलेला चेक, टेबलं किती, पंखा हवा का. 'उत्पादनाचा प्रकार' यापुढे जेमतेम दीड इंच जागा होती. मी 'कापडी बाहुल्या' लिहून पाठीमागच्या कोऱ्या बाजूला बाकीचं लिहिलं: आत कापूस, बाहेर सुती कापड, डोळे दोऱ्याने भरलेले, बटण-मणी-टिकली नाही, चघळल्यास रंग जात नाही, दोन वेळा उकळून पाहिलं आहे. स्वीकारणाऱ्या मुलाने फॉर्म उलटून पाहिला आणि म्हणाला, "काकू, मागे लिहायची गरज नसते."